पंचेचाळिशीनंतरचा इंटरव्ह्यू: घरातल्या मोठ्या माणसाची तयारी कशी करून घ्यायची?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कुणी लोकलमध्ये ऐकत असेल, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कुणी भांडी घासता घासता.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. तुम्ही बहुतेक जण विशी-तिशीतले, आणि मी बोलणार आहे पंचेचाळीस-पन्नाशीतल्या लोकांच्या इंटरव्ह्यूबद्दल. का? कारण बाबांचा, मामांचा किंवा मावशीचा रेझ्युमे शेवटी टाइप कोण करतं? आपणच. ‘जरा हे नोकरी डॉट कॉमवर टाक ना’ हा फोन आपल्यालाच येतो. आणि दुसरं कारण म्हणजे आपल्यातले काही जण आता पॅनेलवर बसायला लागलेत. मीही बसते. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं, काय शंका येतात, ते घरी सांगितलं तर खूप उपयोग होतो. म्हणून हा भाग.

कोणाबद्दल बोलतोय ते आधी ठरवू. आयटीत वीस वर्षं काढून मॅनेजर झालेला आणि एका दिवशी एचआरच्या मीटिंगचं इन्व्हाइट आलेला माणूस. चाकण-भोसरीतल्या प्लांटमध्ये क्वालिटी बघणारा इंजिनिअर, ज्याची लाइन बंद झाली. छोट्या फर्ममधला अकाउंटंट. मुलं मोठी झाल्यावर परत कामाला लागू पाहणारी बाई. आणि सातारा-कोल्हापूरकडे घरोघरी दिसतो तो, फौजेतून चाळिशीच्या आत-बाहेर रिटायर झालेला जवान. यातल्या अनेकांनी शेवटचा इंटरव्ह्यू दिला तेव्हा स्मार्टफोन नव्हता. रेझ्युमेला ‘बायोडाटा’ म्हणत आणि तो पोस्टाने जायचा.

आधी खरं बोलूया

वयावरून डावललं जातं का? हो, जातं. ‘असं काही नसतं हो काका’ असं म्हणून त्यांची समजूत काढू नका, त्यांना सगळं कळत असतं.

अमेरिकेत १९६७ पासून कायदा आहे, चाळीस आणि त्यापुढच्या माणसाला नोकरीत वयामुळे डावलता येत नाही. आपल्याकडे खासगी क्षेत्रासाठी तसा वेगळा कायदा नाही. आपल्या घटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करायला मनाई आहे, पण त्या यादीत वय नाही. उलट सरकारी भरतीलाच वयाची अट असते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३. म्हणजे पंचेचाळीसच्या माणसाला तो दरवाजा जवळपास बंदच. राहतं खासगी क्षेत्र.

मग करायचं काय? पॅनेलच्या मनात नेमकी कसली भीती असते ते ओळखायचं आणि ती आपणहून घालवायची. माझ्या अनुभवात या भीती चारच असतात. एक, हा माणूस नवीन शिकेल का? दोन, वयाने लहान बॉसचं ऐकेल का? तीन, पगार परवडेल का? चार, हा टिकेल का, की मिळेल ते घेऊन सहा महिन्यांत जाईल?

हे प्रश्न कुणी सरळ विचारत नाही. वेषांतर करून येतात. ‘आमची टीम खूप यंग आहे, तुम्हाला जमेल ना?’ ‘तुम्ही या रोलसाठी ओव्हरक्वालिफाइड नाही वाटत?’ वेषांतर ओळखता आलं की उत्तर देता येतं. त्याकडे येते, पण आधी रेझ्युमे.

रेझ्युमे: काय काढायचं, काय ठेवायचं

घरातला जुना बायोडाटा उघडा. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, कधी कधी धर्म, पासपोर्ट नंबर आणि सगळ्यात खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हे सगळं काढा. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत याची गरज नाही, आणि पासपोर्ट नंबर अनोळखी माणसांना वाटणं धोक्याचंही आहे.

दोन पानं पुरेत. शेवटची दहा-बारा वर्षं नीट, सविस्तर. त्याआधीच्या नोकऱ्या एकेका ओळीत. ‘विंडोज एक्सपी, एमएस ऑफिस २००३’ असं स्किल्समध्ये असेल तर ते आधी उडवा. फाइल पीडीएफ असू द्या आणि मांडणी साधी, एका कॉलमची. मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला नक्षीदार चौकटी आणि दोन कॉलम नीट वाचता येतीलच असं नाही.

पदवीचं वर्ष रेझ्युमेत लिहायलाच हवं असं नाही. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये विचारलं तर खरं तेच भरायचं. मधली गॅप लपवायला नोकरीच्या तारखा ताणायच्या हा सल्ला कुणी देत असेल तर त्याला हात जोडा. पीएफच्या यूएएनला तुमची नोकऱ्यांची साखळी जोडलेली असते, कुठे कधी लागलात आणि कधी सोडलंत ते तिथे दिसतं, आणि बॅकग्राउंड तपासणीत कंपन्या ते बघतात. ऑफर हातात आल्यावर खोटं पकडलं गेलं तर ऑफरही जाते आणि नावही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या रेझ्युमेत फक्त जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात. ‘अकाउंट्स विभागाची जबाबदारी सांभाळली.’ यातून काहीच कळत नाही. किती कंपन्यांचे रिटर्न भरले? किती दिवस लागायचे, ते किती कमी केले? हे आकडे त्यांना आठवत नाहीत असं ते म्हणतील. चहा करा, समोर बसा आणि विचारत राहा. ‘ऑडिटला किती लोक यायचे? कितीदा क्वेरी निघाली?’ तासाभरात दहा गोष्टी निघतात. ही माणसं ‘त्यात काय एवढं, कामच होतं ते’ असं म्हणत आयुष्यभर आपलं काम लहान करत आलेली असतात. ते काम किती मोठं होतं, हे बाहेरून बघणाऱ्यालाच दिसतं.

‘स्वतःबद्दल सांगा’

या प्रश्नावर मोठी माणसं हमखास अडकतात. कारण ते सुरुवातीपासून सांगायला लागतात. जन्म अमुक गावी, दहावी अमुक साली, मग पहिली नोकरी. आज करत असलेल्या कामापर्यंत पोचेपर्यंत समोरचा मनात जेवणाचा विचार करायला लागलेला असतो.

उलटं सांगायचं. आधी आज मी कोण, मग मी केलेलं एक मोठं काम, मग तुमच्याकडे का आलो. दीड मिनिट. मोबाइलवर टायमर लावून.

समजा पन्नाशीचे अकाउंटंट आहेत. त्यांनी असं म्हणावं: ‘मी वीस वर्षांपासून उत्पादन कंपन्यांचे कर आणि हिशेब बघतो. २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला तेव्हा, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही, बदल मी स्वतः राबवला. मग ई-वे बिल आलं, ई-इन्व्हॉइस आलं. दरवेळी आधी मी शिकलो, मग टीमला शिकवलं. तुमच्याकडे तीन राज्यांत गोदामं आहेत असं वाचलं, तिथे हा अनुभव कामी येईल.’

ऐकलंत? पहिल्या भीतीला, म्हणजे ‘हा नवीन शिकेल का’ला, इथे उत्तर मिळून गेलं. ‘मी लवकर शिकतो’ असं एकदाही म्हटलं नाही. शिकल्याचा इतिहास सांगितला.

असा इतिहास प्रत्येकाकडे असतो. ऑटो कंपोनंटवाल्यांकडे आहे: १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-सहा लागू झालं, त्याआधी कितीतरी पार्ट, कितीतरी तपासण्या बदलल्या. त्या काळात प्लांटमध्ये असलेल्या माणसाला ‘बदल झेपेल का’ असं विचारणंच गंमतीचं आहे, पण हे त्याने सांगायला तर हवं! बँकेतल्या माणसाने लेजरपासून यूपीआयपर्यंत सगळं पाहिलंय. आयटीतल्या माणसाने आपल्या सर्व्हरवरून क्लाउडवर जाणं पाहिलंय. जवानाने दोन-तीन वर्षांनी बदली, नवीन जागा, नवीन माणसं हेच केलंय.

इंटरव्ह्यू इंग्रजीत असेल तर आधी मुद्दे मराठीत लिहा, मग सोप्या इंग्रजीत मोठ्याने बोला. पाठ करू नका. पाठ केलेलं अर्ध्यात विसरलं की माणूस गडबडतो.

वेषांतर केलेले प्रश्न

‘टीम यंग आहे, मॅनेजर तुमच्यापेक्षा लहान असेल, चालेल?’ इथे ‘हो हो, काहीच अडचण नाही’ एवढंच म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. उदाहरण द्या. ‘मागच्या ठिकाणी सिस्टीम बसवायला आलेला मुलगा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. तीन महिने मी त्याच्याकडून शिकलो, आणि कारखान्यात कुठे काय अडतं ते तो माझ्याकडून शिकला.’ असं खरं उदाहरण शोधून ठेवा. नसेल तर बनवू नका, घरचं उदाहरणही चालतं.

आणि काही वाक्यं घरीच सोडून जायची. ‘माझा मुलगा तुमच्याच वयाचा आहे.’ ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ ‘बेटा, तुला सांगतो.’ प्रेमानेच म्हणतात हो, पण समोरच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला लगेच वाटतं, उद्या मी याला काम सांगितलं तर हे ऐकतील का? त्याउलट सारखं ‘सर सर, मॅडम मॅडम’ करून अंग चोरून बसणंही नको. आयटीत पहिल्या नावाने बोलतात, तिथे नावाने बोला. बाकी ठिकाणी ‘तुम्ही’ पुरेसं आहे.

‘ओव्हरक्वालिफाइड’चा खरा अर्थ असतो: तुम्ही कंटाळाल, किंवा पगार जास्त मागाल, किंवा चांगलं मिळालं की जाल. उत्तर: ‘दहा माणसांची टीम मी सांभाळली. आता मला स्वतः हाताने काम करायचंय, आणि या रोलमध्ये ते आहे.’ हे खरं असेल तरच म्हणा. मनात अजून मॅनेजरची खुर्ची असेल तर ते चेहऱ्यावर दिसतं.

टिकण्याबद्दल तर हिशेब सरळ आहे. अट्ठेचाळीसचा माणूस अठ्ठावन्नपर्यंत काम करणार म्हटलं तरी हातात दहा वर्षं आहेत. आता तुम्हीच सांगा, तुमच्या कॉलेजच्या बॅचमधले किती जण पहिल्या कंपनीत तीन वर्षं टिकले?

गॅप आणि कपात

नोकरी गेली असेल तर एका वाक्यात सांगायचं. ‘कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझी नोकरी गेली.’ पूर्णविराम. जुन्या कंपनीबद्दल, बॉसबद्दल कडू बोलायचं नाही, कितीही खरं असलं तरी. एकदा तो विषय सुरू झाला की राग आवरत नाही, आणि पॅनेलला फक्त राग आठवतो.

घर सांभाळण्यासाठी थांबलेल्या बाईनेही तेच. ‘दहा वर्षं घरच्या जबाबदाऱ्यांसाठी थांबले, गेल्या आठ महिन्यांपासून अमुक शिकतेय.’ माफी मागितल्यासारखा सूर नको. अशा स्त्रियांसाठी काही कंपन्या वेगळे कार्यक्रम चालवतात. टाटा समूहाने तर २००८ सालीच असा उपक्रम सुरू केला होता. तेव्हा इंग्रजीत ‘रिटर्नशिप’ किंवा ‘सेकंड करिअर’ असे शब्द टाकून नक्की शोधा.

व्हिडिओ कॉल आणि टेक्निकल राउंड

इथे तुमचा खरा उपयोग. आदल्या दिवशीच लिंक उघडून बघा. कॉलवर त्यांचं नाव काय दिसतं ते तपासा, कारण लॅपटॉप तुमचा असतो आणि स्क्रीनवर तुमच्या गेमिंग अकाउंटचं नाव झळकतं! कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, खाली चार पुस्तकं लावा. उजेड समोरून. चार्जर लावलेला. फोनचा हॉटस्पॉट तयार, कारण वायफाय नेमकं तेव्हाच जातं. आणि त्या एका तासात कुकर लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कोडिंग राउंड असेल तर आणखी एक. बरीच वर्षं मॅनेजर असलेल्या माणसाचा कोड लिहिण्याचा हात जातो. महिनाभर रोज एक सोपा प्रॉब्लेम सोडवायला लावा, आणि सोडवताना मोठ्याने बोलायला सांगा. पॅनेलला उत्तराइतकंच विचार कसा करता हे ऐकायचं असतं. एखादं टूल येत नसेल तर ‘हे मी वापरलेलं नाही. याच्या जवळचं अमुक वापरलंय’ असं सरळ सांगणारा उमेदवार मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. शब्दांचे बुडबुडे दोन प्रश्नांत फुटतात.

पगार, कागद आणि ओळखी

पगाराचा आकडा घरी बसून ठरवा, इंटरव्ह्यूच्या खुर्चीत नाही. ईएमआय, फी, आजी-आजोबांची औषधं सगळं मांडून ‘याच्या खाली नाही’ असा एक आकडा काढा. आधीपेक्षा कमी घ्यावा लागेल का? कदाचित. पण ते ‘काहीही द्या, चालेल’ असं म्हणत घ्यायचं नाही. त्याने किंमत कमी होते आणि संशय वाढतो. ‘या कामाचा बाजारभाव अमुक ते अमुक आहे, मी त्यात बसतो’ एवढं म्हणावं. ऑफर आली की फिक्स किती आणि व्हेरिएबल किती हे वेगळं वेगळं विचारा.

कागदपत्रांचं फोल्डर मोबाइलवर तयार ठेवा: जुन्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, यूएएन. पंधरा वर्षांपूर्वीचं पत्र ऐनवेळी सापडत नाही, आणि ती कंपनीही कधी कधी राहिलेली नसते.

आणि हो, या वयात नुसत्या पोर्टलवर अवलंबून राहू नका. पंचवीस वर्षांत जमवलेली माणसं हे त्यांचं खरं भांडवल आहे. जुने सहकारी, व्हेंडर, ग्राहक. अडचण एवढीच की त्यांना सांगायची लाज वाटते. तिथे छोटा मेसेज लिहून द्या: ‘मी सध्या अमुक प्रकारचं काम शोधतोय. तुमच्या माहितीत कुठे असेल तर कळवा. रेझ्युमे जोडला आहे.’ यात रडगाणं नाही, उपकाराची भाषा नाही. रोज तीन जणांना.

एक धोक्याची सूचना

नोकरी शोधणारा मोठा माणूस हे भामट्यांचं आवडतं सावज. ‘तुमची निवड झाली, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पाच हजार भरा.’ ‘ट्रेनिंग फी भरा, नंतर परत मिळेल.’ कुठलीही खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे मागत नाही. ओटीपी तर कुणालाच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि कृपा करून ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला’ असं म्हणू नका. नोकरी नसलेला माणूस आशेवर असतो, बावळट नसतो.

घरातली रंगीत तालीम

शेवटचं, तुमच्यासाठी. घरी मॉक इंटरव्ह्यू घ्या. पण नियम पाळा. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून व्हिडिओ कॉल करा, म्हणजे नातं थोडं बाजूला राहतं. मध्ये टोकायचं नाही. रेकॉर्डिंग करा आणि ते त्यांना एकट्यांना बघू द्या. ‘मी हे असं बोलतो होय?’ हे त्यांचं त्यांनाच कळतं, आपण सांगायची गरज पडत नाही. मग आधी दोन चांगल्या गोष्टी, नंतर एकच सुधारणा. असं तीन वेळा झालं की फरक दिसतो.

लक्षात ठेवा, ज्या माणसाने आपल्याला सायकल शिकवली, त्याला आपण कॉलवर म्यूट काढायला शिकवतोय. ते त्याला सोपं नसतं. त्यात नातेवाईक फोनवर विचारतात, ‘काय, सध्या कुठे?’ नकाराचा मेल आला की दोन दिवस विषय काढू नका. बहुतेक ठिकाणांहून नकारसुद्धा येत नाही, नुसती शांतता येते, आणि ती जास्त लागते. त्यासाठी एक वही करा: कुठे अर्ज केला, कधी, पुढे काय झालं. आठवड्याने एकदा विचारणा करा आणि पुढच्या ओळीवर जा. वही भरत जाते तसं निदान आपण काहीतरी करतोय हे दिसत राहतं.

आणि तुमच्यापैकी जे पॅनेलवर बसतात त्यांना एवढंच: सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा. चोविशीच्या मुलाला ‘एनर्जी आहे ना?’ विचारत नसाल तर पन्नाशीच्या बाईंनाही विचारू नका. ‘कल्चर फिट नाही’ असं लिहायच्या आधी स्वतःला विचारा, नेमकं काय फिट नाही? कामाशी संबंधित एकही कारण लिहिता आलं नाही तर ते कारण बहुधा वयच असतं.

चला, आजच्यासाठी एवढंच. घरच्या ग्रुपवर हा भाग टाकताना ‘बाबा हे ऐका’ असं सगळ्यांसमोर लिहू नका हां, त्यांना वेगळा पाठवा. तुमच्या घरी कुणी अशी तयारी करत असेल, त्यांना कुठल्या प्रश्नावर अडकायला होतंय ते व्हॉइस नोटवर मला कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. काळजी घ्या. भेटूच!